लेक कडेवरून उतरली ते वर्ष

आमच्या गावच्या दूध सोसायटीत पशुखाद्याची पोती मोजायचा एक लोखंडी काटा होता. माझे सासरे त्या सोसायटीचे चेअरमन. सगळं घर त्यांना दादा म्हणायचं, आणि गावही. माझी लेक दोन वर्षांची झाल्यापासून दर महिन्याला दादा तिला कडेवर घेऊन सोसायटीत जायचे आणि त्या काट्यावर उभी करायचे. दूध घालायला आलेली माणसं कॅन खाली ठेवून बघत राहायची. दुधाचा भाव फॅटवर ठरतो, त्यामुळं तिथली चेष्टाही त्याच भाषेतली. "चेअरमन, नातीची फॅट लई चांगली लागली," असं कुणीतरी म्हणायचं आणि सगळे हसायचे. त्यात टोमणा नव्हता, कौतुकच होतं. ज्या गावातली निम्मी घरं दिवाळीनंतर ऊस तोडायला निघून जातात, तिथं गुबगुबीत लेकरू म्हणजे त्या घरात काही कमी नाही याची खूण.

मलाही ते आवडायचं, हे कबूल केलं पाहिजे. मी केजची. माझ्या माहेरी लेकरं किडकिडीत, सगळी हाडं मोजून घ्यावीत अशी. माहेरी गेले की आई लेकीचे गाल ओढायची आणि म्हणायची, "सासर मानवलं गं तुला." लेकीचे गाल बघून आईनं माझ्या संसाराचा अंदाज बांधला होता आणि मी तो तसाच राहू दिला.

घरातली रीत अशी होती. लेक सकाळी उठायची ती अंथरुणातच बाटलीभर गोड दूध पिऊन. बाटली मीच द्यायचे, कारण ती तोंडात असेपर्यंत माझी धुणीभांडी उरकायची. मग आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, तिला टीव्हीसमोर मांडीवर घेऊन तूप-साखर लावलेली पोळी भरवायच्या. कार्टून चालू असलं की तोंड आपोआप उघडतं, हे त्यांना कधीच कळून चुकलं होतं. "बघ कशी खाती, कळतसुद्धा न्हाई तिला," असं त्या अभिमानानं सांगायच्या. दिवसभरात चेअरमनकडं कामासाठी दहा माणसं यायची. कुणाला सोसायटीत दूध लावायचं असायचं, कुणाला तहसीलच्या कामात दादांचा शब्द हवा असायचा. रिकाम्या हातानं कसं यायचं म्हणून प्रत्येकजण बिस्किटाचा पुडा नाहीतर फरसाणाची पिशवी आणायचा आणि ती थेट नातीच्या हातात द्यायचा. संध्याकाळी आमचे हे शाळेतून यायचे. ते दुसऱ्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर मास्तर होते. हात-पाय धुतले की ताट मांडीवर घेऊन तेही टीव्हीसमोरच बसायचे, आणि लेक त्यांच्या ताटातून परत जेवायची.

आणि ती चालत नव्हती. म्हणजे येत नव्हतं असं नाही. चालू द्यायला कुणी तयार नव्हतं. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की कुणाची तरी कडेवर उचलायची घाई. चेअरमनच्या नातीला मातीत सोडलं असं कुणी म्हणू नये. सोसायटी आमच्या दारापासून तीनशे पावलांवर होती, तरी दादा तिथं मोटारसायकलवर जायचे. लांब जायचं असलं तर जीप. आत्याबाईंचे गुडघे धरलेले होते, त्यामुळं त्या बसून. मीही लग्नानंतर देवळापलीकडं पायी गेल्याचं आठवत नाही, कारण चेअरमनच्या सुनेनं भरउन्हात रस्त्यानं चालत जाणं बरं दिसत नव्हतं. असं आमचं सगळं घरच बसलेलं होतं. लेक तेच बघत होती.

पहिल्यांदा अंगणवाडीताईंनी सांगितलं, तेही घाबरतच. लेकीला तिसरं संपून चौथं लागलं होतं. अंगणवाडीच्या काट्यावर ती सव्वीस किलो भरली. ताईंनी मला बाजूला घेतलं. त्या म्हणाल्या की माझ्याकडं वजन कमी असलेल्या लेकरांसाठी रकाना आहे, तांबडी रेघ आहे, जास्तीचा आहार आहे, पण जास्त वजनाच्या लेकराचं काय लिहायचं ते मला कुणी शिकवलेलं नाही. तरी एकदा डॉक्टरला दाखवा. मी घरी येऊन सांगितलं तेव्हा दादा हसले. म्हणाले, सरकारला वाळकी लेकरं बघायची सवय लागलीय.

त्याच सुमारास दुष्काळ अंगावर आला होता. दोन वर्षं पावसानं तोंड फिरवलेलं, तिसऱ्या वर्षी विहिरींचे तळ दिसायला लागले. गावात टँकर सुरू झाला. सोसायटीत दूध निम्म्यावर आलं, मग त्याच्याही निम्म्यावर. लोक जनावरं बाजाराला न्यायला लागले. पण चेअरमनच्या घरी दूध आटत नाही. नातीची बाटली भरतच राहिली.

मग ती चतुर्थी आली. पाऊस पडावा म्हणून लिंबागणेशच्या गणपतीला साकडं घालायचं आत्याबाईंनी ठरवलं होतं, म्हणून आम्ही सगळे जीपनं तिकडं गेलो. गर्दी होती. जीप लांब लावावी लागली. दादांच्या हातात नारळ आणि हार, आत्याबाई माझ्या खांद्याला धरून, आमचे हे पुढं रांगेत. लेकीला कडेवर घ्यायला कुणी मोकळं नव्हतं. मी तिचं बोट धरलं आणि आम्ही चालायला लागलो. शंभर पावलंही झाली नसतील. ती थांबली, खाली बसली आणि तिला धाप लागली. नुसती धाप नाही, नाकपुड्या फुलवून, तोंड उघडं टाकून ती हवा ओढत होती आणि डोळे माझ्याकडं लावले होते. घामानं केस कपाळाला चिकटलेले. तिच्याच वयाची इतर लेकरं आमच्या बाजूनं पळत गेली. एका बाईनं विचारलं, "पोरीला दमा हाय का?"

मी तिला उचललं. दर्शन कसं झालं ते मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी केजच्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी छातीला नळी लावली, काढली, परत लावली. बराच वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले की छातीत एक जादा आवाज येतो आहे. बऱ्याच लेकरांत असतो आणि काही निघत नाही, पण धाप लागते म्हणताय तर हृदयाची तपासणी करून घेऊ. बीडमध्ये लहान मुलांच्या एक डॉक्टरीणबाई होत्या, त्यांच्या नावानं त्यांनी चिठ्ठी दिली. हृदयाची तपासणी करणारे डॉक्टर ठरावीक दिवशीच यायचे. आम्हाला अकराव्या दिवशीचा नंबर मिळाला.

ते दहा दिवस मी कसे काढले ते आजही नीट सांगता येत नाही. लेक मात्र नेहमीसारखीच होती, बाटली मागत होती, कार्टून बघत होती. तिला बाटली द्यावी की देऊ नये हेही मला कळेनासं झालं. झोपली की ती घोरायची, आणि जो आवाज ऐकून आम्ही पूर्वी हसायचो, तो आला की मी जाऊन तिच्या छातीवर हात ठेवून बसायचे. दादा त्या महिन्यात तिला घेऊन सोसायटीत गेले नाहीत. कुणी विचारलं तर कामं आहेत म्हणायचे. आत्याबाईंनी देवापुढचा दिवा विझू दिला नाही. आमचे हे वर्गात शिकवताना मध्येच थांबायचे, असं त्यांच्या बरोबरच्या मास्तरांनी मला नंतर सांगितलं.

अकराव्या दिवशी अंधाऱ्या खोलीत लेकीला उताणी, मग कुशीवर वळवून, छातीला गार जेल लावून त्यांनी पडद्यावर तिचं हृदय दाखवलं. मला काही कळत नव्हतं. करडं काहीतरी उघडत-मिटत होतं. डॉक्टर बघता बघता म्हणाले, "छान आहे." मी विचारलं, काय छान आहे? ते म्हणाले, हृदय. कुठं भोक नाही, झडपा नीट आहेत. रक्ताच्या तपासणीतही काही निघालं नाही.

बाहेर बाकड्यावर दादा बसले होते. त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी टोपी काढली आणि तिनंच तोंड पुसलं. मी त्यांना एवढं मोकळं रडताना पहिल्यांदा बघितलं. मला मात्र रडू आलं नाही. एकदम भूक लागली. दहा दिवसांत पहिल्यांदा लागलेली भूक.

पण डॉक्टरीणबाईंनी आम्हाला सोडलं नाही. चौघांनाही आत बोलावलं, लेकीला मांडीवरून उतरवून खोलीतल्या खेळण्यांकडं पाठवलं आणि दार लावलं. मला वाटलं, आता विचारतील लेक काय खाते. त्यांनी तसं विचारलंच नाही. म्हणाल्या, "तुम्ही चौघं सकाळपासून काय काय करता, ते एकेकानं सांगा."

आम्ही सांगितलं. सांगताना आमचं आम्हालाच ऐकू येत होतं. दादा मोटारसायकलवर सोसायटीत जातात असं म्हणाले तेव्हा त्यांनी किती लांब म्हणून विचारलं, आणि तीनशे पावलं म्हणताना दादांचा आवाज बारीक झाला. सगळ्यांचं झाल्यावर त्या म्हणाल्या, "हिला आजार काही नाही. हिला तुमच्या घराची सवय लागलीय. लेकरू सांगितलेलं ऐकत नाही, बघितलेलं करतं."

आत्याबाईंना ते लागलं. त्या म्हणाल्या, "मग काय लेकराला उपाशी ठेवायचं का आमी?"

डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. उपाशी अजिबात ठेवायचं नाही, वजन उतरवायच्या मागं लागायचं नाही. वजन आहे तिथंच थांबू द्यायचं, उंची वाढेल तशी ती आपोआप नीट होईल. बाटली बंद, दूध पेल्यानं आणि बिनसाखरेचं. भरवायचं नाही. ताट वाढायचं, तिचं ती जेवेल, पुरे म्हणाली की उठू द्यायचं. जेवताना टीव्ही बंद, सगळ्यांनी एकत्र बसायचं. बिस्किटं घरात ठेवायचीच नाहीत. आणि तिला चालवायचं असेल तर आधी तुम्ही चाला.

बाटली मी परतीच्या वाटेवरच जीपच्या खिडकीतून टाकून दिली. त्याचे परिणाम पुढचे आठ दिवस सगळ्या गल्लीनं ऐकले.

टीव्ही बंद करून एकत्र जेवायचं हे त्याहून अवघड निघालं. पहिल्या दिवशी आम्ही पाचजण गोल बसलो आणि बोलायला विषयच सापडेना. भाकरी मोडल्याचा आवाज येत होता. आमच्या ह्यांनी दोनदा बंद टीव्हीकडं बघितलं. लेकीनं हातात घास धरला आणि कुणी भरवतंय का म्हणून वाट बघत राहिली. आत्याबाईंचा हात पुढं आला, मी त्यांच्याकडं बघितलं, त्यांनी तो मागं घेतला. त्या दिवशी लेक अर्धी भाकरी खाऊन उठली, आणि आत्याबाई जेवल्याच नाहीत. पुढचे पंधरा दिवस त्या माझ्याशी कामापुरतंच बोलल्या.

चालण्याला जागा मिळाली ती दुष्काळामुळं. सोसायटीनं गावाबाहेर चारा छावणी उघडली होती. आमच्या घरापासून दीड-एक किलोमीटरवर, बरडाच्या माळावर. गावची आणि आसपासच्या वाड्यांची जनावरं तिथं बांधलेली, वर ताडपत्र्या आणि हिरव्या जाळ्या, पाण्याचा टँकर, उसाचं वाढं, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, घेऊन येणारे ट्रक. जनावरांसोबत घरातलं एखादं माणूस तिथंच राहायचं, काही तर अख्खी घरंच येऊन राहिली होती. दादांना रोज सकाळी तिकडं जावंच लागायचं. त्यांनी स्वतःहून सांगितलं की उद्यापासून मी चालत जातो आणि नातीलाही नेतो.

आठवडाभर दोघं जात-येत होते. दादा सांगायचे, आज निम्म्यापर्यंत चालली, आज सगळी वाट चालली. मी खूश होते. मग एकदा परत आल्यावर लेकीचे पाय धुवायला घेतले आणि माझ्या लक्षात आलं, पाय स्वच्छ आहेत. त्या वर्षी आमच्याकडं घरातल्या घरात फिरलं तरी पायाला फुफाटा लागायचा. दीड किलोमीटर माळानं चालून आलेल्या लेकराचे पाय असे असूच शकत नव्हते.

दुसऱ्या दिवशी दोघं निघाल्यावर पंधरा मिनिटांनी डोक्यावर पदर घेऊन मीही निघाले. चेअरमनची सून पायी जाताना बघून लोक थबकले, पण दुष्काळात कुणाला कुणाकडं बघायला फार वेळ नव्हता. ओढ्यापाशी मी त्यांना गाठलं. लेक दादांच्या कडेवर होती. सत्तरीला टेकलेला माणूस, घामानं सदरा भिजलेला, आणि कडेवर सव्वीस किलोची नात.

मला बघून ते थांबले. मी रागावेन असं त्यांना वाटलं असावं. ओढा कोरडा होता, त्याच्या काठच्या दगडावर ते तिला मांडीवर घेऊन बसले. मी पलीकडं बसले. मग ते जे बोलले ते त्यांनी घरात कधीच कुणाला सांगितलं नव्हतं, स्वतःच्या मुलालाही नाही.

बहात्तरच्या दुष्काळात दादा आणि आत्याबाई पाझर तलावाच्या कामावर खडी फोडत होते. तेव्हा त्यांना एक मुलगी होती, आमच्या ह्यांच्या कितीतरी आधीची. दीड वर्षाची. आत्याबाईंचं दूध गेलेलं. कामावर सरकारी सुकडी, म्हणजे कोरडी गोड भरड मिळायची, ती तिच्या पोटात ठरत नव्हती. तिला झोळीत टाकून दोघं काम करायचे.

"दुपारच्याला उचलली तवा वजनच लागंना," दादा म्हणाले. "पाखरू उचलल्यावानी. मी हिच्या आजीला सांगितलंसुदीक न्हाई, तशीच धरून बसलो. पुढं चार दिसांनी गेली." त्यांनी मांडीवरच्या नातीला जवळ ओढलं. "तवापासून हातात जड लेकरू आलं की मला बरं वाटतं. दुसरं काय न्हाई."

मला त्यांच्यावर रागावता आलं नाही. त्या लोखंडी काट्याचं, तुपाच्या वाटीचं, आत्याबाईंच्या पुढं येणाऱ्या हाताचं, सगळ्याचं उत्तर मला त्या दगडावर मिळालं. एकीकडून मला बरंही वाटलं. इतके दिवस मला वाटत होतं की ही माणसं मोठेपणासाठी माझं लेकरू फुगवताहेत.

मी म्हणाले, "दादा, हिला काय होत न्हाई आता. मी हिचं काळीज पडद्यावर बघितलंय, चांगलं धडधडतंय. तुमी तिला खाली सोडा."

ते बराच वेळ तिच्या केसांवरून हात फिरवत राहिले. मग त्यांनी तिला खाली ठेवलं. ती रडली, हात वर केले. दादा उठले आणि तिच्याकडं पाठ करून चालायला लागले. त्यांना ते किती जड गेलं असेल ते मी त्यांच्या खांद्यांवरून ओळखलं. वीसेक पावलं गेल्यावर लेक गप्प झाली, आणि रडणं थांबवून त्यांच्या मागं निघाली. तीन वेळा बसली. दर वेळी आम्हीही बसलो. त्या सकाळी छावणीत पोहोचायला आम्हाला तासभर लागला.

दुसऱ्या दिवसापासून मीही रोज त्यांच्यासोबत जायला लागले.

छावणीत आमचीही जनावरं बांधलेली होती, त्यांच्या शेजारी एका वाडीवरचं जोडपं राहत होतं. दरवर्षी ऊसतोडीला जाणारं. त्या साली ऊसच नव्हता, मुकादमानं थोडक्याच कोयत्यांना, म्हणजे तोडणीच्या जोडप्यांना नेलं, म्हणून दोन बैल आणि एक गाय घेऊन ती दोघं छावणीत येऊन राहिली होती. त्यांची मुलगी माझ्या लेकीएवढीच, म्हणजे वयानं. वजनानं बारा किलो. अंगणवाडीच्या त्या तांबड्या रेघेखालची. केस भुरकट, गुडघे मोठे, पण पायांना भिंगरी. ती सदोदित पळत असायची. वासरामागं, ट्रकमागं, कशामागंच नाही तरी.

तिनं माझ्या लेकीला बघितलं, तिच्याभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाली, "चल की."

लेक माझ्याकडं बघायला लागली. मी मुद्दाम दुसरीकडं बघितलं.

त्या दोघींचा खेळ म्हणजे वासराला पाणी पाजणं. टाकीतून लहान डबा भरायचा आणि वासरापर्यंत न्यायचा, मध्ये सांडायचा नाही. तिची मैत्रीण दहा खेपा करायची तोवर माझी दोन करायची आणि सावलीला बसायची. मैत्रीण येऊन परत "चल की" म्हणायची. ती माझ्या लेकीला ना जाडी म्हणायची ना चेअरमनची नात. तिला खेळायला कुणीतरी हवं होतं, एवढंच. महिनाभरात दोनाच्या चार खेपा झाल्या, मग सात. संध्याकाळच्या जेवणाला लेक स्वतःच्या हातानं भाकरी कुस्करून खायला लागली, आणि खाता खाता वासरानं काय केलं ते सांगायला लागली. मग दादा कुणाच्या म्हशीनं दावं तोडलं ते सांगायचे, आणि आमचे हे शाळेतलं काहीतरी. बोलायला विषय सापडेना ही अडचण अशी मिटली. टीव्ही बंद आहे हे कुणाच्या लक्षातही राहीनासं झालं.

आत्याबाई छावणीत आल्या त्या पहिल्यांदा मला जाब विचारायलाच आल्या असाव्यात. जीपमधून उतरल्या, नात पाण्याचा डबा घेऊन येताना बघितली, आणि तिच्या मागून आलेली तिची मैत्रीण बघितली. त्यांनी त्या पोरीला जवळ बोलावलं. तिचं मनगट हातात धरलं. त्यांचा अंगठा आणि बोट मनगटाभोवती फिरून वर कितीतरी उरलं. कितीतरी वेळ त्यांनी ते सोडलं नाही. आता मला ठाऊक होतं त्यांना काय दिसत असेल.

दुसऱ्या दिवशी आत्याबाई स्वतः दुपारचा डबा घेऊन आल्या. त्यात दोन भाकऱ्या जास्त होत्या, लोणी होतं आणि वाडगाभर वरण. पण पोरीची आई ते घेईना. ती ताठ बाई होती. म्हणाली, "आमी काय मागायला आलोत का, चेअरमनीणबाई?"

आत्याबाई तिच्याशेजारी खाली मातीत बसल्या. म्हणाल्या, "मागायला तर मी आलेय. माही नात एकटी जेवत न्हाई. तुही पोरगी शेजारी बसली तर जेवंल."

हे खोटं नव्हतं. दोघी एका ताटात जेवायला लागल्या. माझी लेक पूर्वी वाढलेलं सगळं संपवायची, आता निम्मं मैत्रिणीच्या बाजूला सरकवायची आणि खेळायला उठायची. ती दुसरी बसून सगळं पुसून खायची. त्या बाईनंही फुकट काही ठेवून घेतलं नाही. रोज ती तिच्या चुलीवरचं हुलग्याचं माडगं नाहीतर आंबाडीची भाजी आमच्या डब्यात घालायची. तूप-साखरेवर वाढलेल्या माझ्या लेकीला हुलग्याचं माडगं आवडेल, असं मला कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते. ती वाटी चाटायची.

आत्याबाईंचा माझ्यावरचा राग कधी गेला ते मला नेमकं सांगता येत नाही. एवढं खरं की त्यांच्या हाताला भरवायला लेकरू मिळालं होतं, आणि या लेकराला त्याची गरज होती.

सहा महिन्यांनी डॉक्टरीणबाईंकडं गेलो. उंची दोन बोटं वाढली होती. वजन अर्ध्या किलोनं वर. मला वाटलं, झालं, वाढलंच की. पण त्या तक्त्यावर बोट ठेवून म्हणाल्या की हेच हवं होतं, आणखी वर्षभर असंच चालू द्या. छातीतला तो आवाज? तो अजून आहे, म्हणाल्या, पण तो नुसता आवाज आहे, मोठी होईल तसा जाईल. मग त्यांनी दादांकडं बघितलं आणि विचारलं, तुमचं पोट कुठं गेलं? दादा लाजले.

पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला. छावणी मोडली, माणसं आपापल्या वाड्यांवर परतली. दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या वेळी मैत्रिणीची आई आमच्या दारात आली. नेहमीसारखी ताठ, पण तिला आत यायला वेळ लागला. पोरीला यंदा म्हातारीजवळ, म्हणजे या गावात राहणाऱ्या माझ्या आईजवळच ठेवायचं म्हणते, असं ती म्हणाली. अंगणवाडीताई सांगत होत्या की तिचं वजन रेघेच्या वर आलंय, तिकडं उसाच्या फडात नेलं तर परत खाली येईल. म्हातारीला दिसत कमी आहे. दुपारचं तेवढं तुमच्याकडं जेवली तर.

आत्याबाईंनी तिला पुढं बोलूच दिलं नाही. "जेवंल की," एवढंच म्हणाल्या आणि चहा टाकायला उठल्या. गुडघे धरलेले असूनही स्वतः उठल्या.

त्यानंतरच्या सोमवारी दोघी पाटी घेऊन अंगणवाडीला निघाल्या. पोचवायला येते म्हटलं तर दोघींनीही नको म्हणून सांगितलं. मी दारात उभी राहिले. पाराच्या वळणापर्यंत त्या नीट चालल्या, मग एकीनं काहीतरी म्हटलं आणि दोघी पळत सुटल्या. माझी मागं होती, बरीच मागं, पण पळत होती. वळणाआड गेल्यावरही त्यांचा आवाज थोडा वेळ येत राहिला. मग मी आत आले आणि कितीतरी महिन्यांत पहिल्यांदा, हातात काहीच काम नसताना, पाय पसरून भिंतीला टेकून बसले.